उड्डाण-नियंत्रकातील आकडे : जुळवणीच्या वाचनाचा इतिहास

प्रास्ताविक

चार पंख्यांचे ड्रोन स्वतःहून हवेत स्थिर राहू शकत नाही. त्याच्या पोटात काड्यापेटीएवढी एक विद्युत-पट्टिका असते. तिला फ्लाइट कंट्रोलर, म्हणजेच उड्डाण-नियंत्रक, असे म्हणतात. ही पट्टिका यानाचे वळणे-कलणे सेकंदाला हजारो वेळा मोजते आणि प्रत्येक मोजणीनंतर चारही मोटरींचा वेग थोडाथोडा बदलते. किती तफावत दिसली असता किती दुरुस्ती करावयाची, हे ठरविणारे काही आकडे तिच्यात साठविलेले असतात. या आकड्यांची यानाच्या देहाशी सांगड घालण्याच्या कामाला ट्यूनिंग, म्हणजे जुळवणी, हा शब्द रूढ झाला आहे. गेल्या काही वर्षांत हे आकडे माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटने वाचावेत, त्यांचा अर्थ सांगावा आणि बदल सुचवावेत अशी उपकरणे तयार होऊ लागली आहेत.

हा विषय इतिहासाच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. तथापि या पट्टिकेतून बाहेर पडते तो एक लेख असतो. त्याला मायना असतो, संक्षेप असतात, परंपरेने आलेली नावे असतात आणि पुष्कळ मौनही असते. लेख कसा वाचावा हा प्रश्न आपल्या शास्त्राचा आहे. प्रस्तुत निबंधात या लेखाची वंशावळ पाहून, त्याच्या नव्या वाचकाला कोणत्या कसोट्या लावाव्या लागतील याचा विचार केला आहे. जुळवणीच्या शंभर वर्षांच्या इतिहासात आकडे टिकले, परंतु ते तसे का ठेवले याची कारणे बहुधा टिकली नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नवा वाचक आकडे सहज वाचतो. परंतु हरवलेल्या कारणाच्या जागी तो दुसरे एखादे सुबक कारण रचून ठेवण्याचाही संभव असतो.

आरंभी शब्दांविषयी एक खुलासा. इतिहासलेखनात 'साधन' म्हणजे ज्यावरून माहिती मिळते तो पुरावा. म्हणून एजंट जे यंत्र वा प्रणाली वापरतो त्यास येथे 'उपकरण' म्हटले आहे. 'एजंट' हा शब्द मराठी वाचकास विम्याच्या हप्त्यांमुळे चांगलाच परिचित आहे. येथे मात्र त्याचा अर्थ, भाषेचे प्रारूप वापरून स्वतः पायऱ्या ठरविणारी आणि दुसऱ्या प्रणालींना कामे सांगणारी संगणकीय व्यवस्था, असा घ्यावयाचा आहे.

सुकाणूवरचा खलाशी

यंत्राने स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करावी, ही कल्पना वाफेच्या इंजिनाइतकी जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये इंजिनाला बसविलेला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर सर्वांना ठाऊक असतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये रॉयल सोसायटीच्या वृत्तात 'ऑन गव्हर्नर्स' हा लेख प्रसिद्ध करून अशा यंत्रांच्या स्थैर्याचा गणिती विचार केला. त्यात त्याने दोन प्रकार वेगळे केले होते : केवळ तफावतीच्या प्रमाणात दुरुस्ती करणारी यंत्रे आणि तफावत साचत गेली तर तिचीही दखल घेणारी यंत्रे. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरला.

विमानाच्या बाबतीत पहिले मोठे प्रात्यक्षिक लॉरेन्स स्पेरी याने १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर केले. जायरोस्कोपच्या आधारे चालणारा स्थिरकारक बसविलेले विमान उडवीत असता त्याने दोन्ही हात वर केले आणि त्याचा सहकारी एमिल काशँ पंखावर चालत गेला. प्रेक्षकांना जे चमत्कारासारखे वाटले त्यात जुळवणीचे काम किती होते, याची चर्चा त्या वेळी फारशी झाली नाही. प्रात्यक्षिकांचे असेच असते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा प्रारंभ निकोलस मिनॉर्स्की याच्यापासून होतो. रशियन नौदलातील हा अभियंता १९१८ मध्ये अमेरिकेत आला. १९२२ मध्ये त्याने अमेरिकी नौदल अभियंत्यांच्या नियतकालिकात, आपोआप सुकाणू चालणाऱ्या वस्तूंच्या दिशास्थैर्याविषयी, एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने आरंभ गणितापासून केला नाही. सुकाणूवर उभा असलेला कसलेला खलाशी काय करतो, हे त्याने पाहिले. असा खलाशी जहाज या क्षणी किती अंशांनी वाकडे आहे एवढेच पाहून सुकाणू फिरवीत नाही. वारा वा प्रवाह बराच वेळ एका बाजूस रेटत असेल तर ती साचलेली चूक तो मनात धरतो. आणि जहाज वळण्याचा वेग वाढू लागला तर नाक नेमक्या दिशेला येण्यापूर्वीच तो सुकाणू उलट फिरवितो. वर्तमान, भूत आणि येऊ घातलेले, या तिन्ही काळांची जाणीव त्याच्या हातात असते. मिनॉर्स्कीने या तीन जाणिवांना तीन पदे दिली. आज ड्रोनच्या यादीत पी, आय आणि डी या अक्षरांनी जे आकडे दिसतात ते या तीन पदांचेच गुणक होत. पी म्हणजे आताच्या तफावतीला किती उत्तर द्यावयाचे, आय म्हणजे साचलेल्या तफावतीला किती, आणि डी म्हणजे तफावत ज्या वेगाने बदलत आहे त्याला किती.

'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर १९२३ मध्ये या यंत्रणेच्या चाचण्या झाल्या. केवळ पहिल्या दोन पदांवर जहाज दोन अंशांच्या आतबाहेर डोलत राही. तिसरे पद जोडल्यावर हा डोल अंशाच्या सहाव्या भागापर्यंत खाली आला. बहुतेक खलाशांना हे साधले नसते. तरीही नौदलाने ती यंत्रणा स्वीकारली नाही. जहाजावरील कर्मचाऱ्यांचा विरोध हे त्याचे एक कारण म्हणून नोंदविले गेले आहे. ज्याच्या हातातून ज्ञान उचलले गेले त्यालाच ते यंत्र नको होते, हे स्वाभाविक मानले पाहिजे. या विरोधाला केवळ 'यंत्राची भीती' म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. जहाज खडकावर गेले तर जाब सुकाणूवरच्या माणसाला विचारला जाणार होता, यंत्रातील गुणकाला नव्हे.

जाता जाता एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. ज्या वर्षी मिनॉर्स्कीचा लेख आला त्याच वर्षाच्या डिसेंबरात, त्याच्याप्रमाणेच १९१८ मध्ये रशियातून आलेल्या जॉर्ज द बोथेझाट याचे चार पंख्यांचे प्रचंड हेलिकॉप्टर ओहायोतील मॅककुक फील्डवर जमिनीवरून उचलले गेले. त्यात वैमानिकाला सगळे स्वतःच्या हातापायांनी सावरावे लागे. हा प्रकल्प १९२४ मध्ये बंद झाला. चार पंख्यांचा देह आणि तीन पदांचे गणित एकाच वेळी एकाच देशात होते. त्यांची गाठ पडावयास सुमारे आठ दशके लागली. चार पंख्यांना सावरण्याइतके हलके, स्वस्त व जलद ज्ञानेंद्रिय दरम्यान उपलब्ध नव्हते.

'सेटिंग्ज'

मिनॉर्स्कीची पदे कारखान्यांत पोचली ती तापमान, दाब व प्रवाह यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणांच्या रूपाने. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीत काम करणारे जॉन झीग्लर आणि नॅथॅनियल निकल्स यांनी १९४२ मध्ये अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या वृत्तात आपला प्रसिद्ध लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच 'ऑप्टिमम सेटिंग्ज' हे शब्द आहेत.

त्यांची कृती थोडक्यात अशी : आय आणि डी बंद ठेवा. पी हळूहळू वाढवीत न्या. एका टप्प्यावर यंत्रणा न थांबता, न वाढता, सारख्या लयीत हेलकावू लागेल. त्या वेळचा पी आणि हेलकाव्याचा काळ, एवढे दोनच आकडे टिपून घ्या. मग पी त्या टोकाच्या मूल्याच्या ०.६ पट ठेवा, साचलेल्या चुकीचा काल हेलकाव्याच्या निम्मा आणि येऊ घातलेल्या बदलाचा काल त्याचा आठवा भाग ठेवा. प्रत्येक पुढचा हेलकावा मागच्याच्या चौथ्या भागाइतका राहील, हा त्यांचा निकष होता.

या नियमामुळे एक मोठे स्थित्यंतर घडले, असे म्हणावे लागेल. मिनॉर्स्कीला खलाशाचे अंतरंग समजून घ्यावे लागले होते. झीग्लर-निकल्सच्या वाचकाला त्याची गरज उरली नाही. दोन मोजमापे घेतली की तबकड्यांवर काय ठेवावयाचे ते कोष्टकातून मिळे. जुळवणी हस्तांतरित करता येण्याजोगी झाली. मात्र त्याच वेळी तबकडीवरचा काटा आणि तो तेथे का आहे याचे कारण यांची फारकत झाली. पाळी बदलून आलेल्या कामगाराला काटा दिसे. आदल्या पाळीतील माणसाने तो कोष्टकातून घेतला, की बॉयलरचा आवाज ऐकून थोडा मागे ओढला, हे दिसत नसे. ड्रोनच्या यादीने ही फारकत वारशाने घेतली आणि पुष्कळ वाढविली.

मल्टिवीचा वारसा

निन्टेन्डो कंपनीच्या वी या खेळयंत्रासाठी २००९ मध्ये मोशनप्लस नावाचे एक जोडयंत्र बाजारात आले. त्यात हाताची हालचाल टिपणारे चिमुकले जायरोस्कोप होते. फ्रान्समधील एका हौशी तंत्रज्ञाने ते काढून एका स्वस्त आर्डुइनो पट्टिकेला जोडले आणि २०१० मध्ये मल्टिवी नावाची मुक्त प्रणाली जगासमोर ठेवली. मुलांच्या खेळण्यातील इंद्रिय घेऊन चार पंख्यांचे यान हवेत तरंगू लागले. पुढे अधिक शक्तिमान पट्टिकांसाठी बेसफ्लाइट, २०१४ मध्ये क्लीनफ्लाइट आणि त्यातून बीटाफ्लाइट अशी शाखा फुटत गेली. दुसरीकडे झुरिकच्या तंत्रविद्यापीठात लोरेन्झ मायर याने २००९ मध्ये मावलिंक ही संदेशपद्धती सिद्ध केली; तिचा उपयोग आर्डुपायलट आणि पीएक्स-४ या प्रणाली करतात.

या इतिहासाचे अवशेष आजही लेखात सापडतात. बीटाफ्लाइटची पट्टिका संगणकाशी ज्या बोलीत बोलते तिचे नाव अद्याप एमएसपी, म्हणजे मल्टिवी सीरियल प्रोटोकॉल, असेच आहे. मूळचे खेळयंत्र कधीच अडगळीत गेले, नाव उरले. जुन्या गावाच्या नावात नाहीशी झालेली नदी राहावी तसा हा प्रकार आहे. या बोलीत प्रत्येक विनंतीला क्रमांक असतो. जुळवणीचे आकडे वाचण्यासाठी ११२, ते बदलण्यासाठी २०२ आणि बदल कायम स्मृतीत कोरण्यासाठी २५०. वाचणे, लिहिणे आणि कोरणे या तीन वेगळ्या कृती आहेत, ही समज या परंपरेत आरंभापासून आहे. पुढे एजंटचा विचार करताना ती उपयोगी पडेल.

मावलिंकमध्ये कोणत्याही आकड्याचे नाव सोळा अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नाही. त्यामुळे 'एटीसी_आरएटी_आरएलएल_पी' अशी नावे जन्मास आली. याचा विस्तार, कलनियंत्रणातील आडव्या फिरण्याच्या गतीचा पी, असा काहीसा करावा लागतो. मोडी कागद वाचणाऱ्यास हे परके वाटू नये. 'छ' या एका अक्षराने चांद्र तिथी ओळखण्याची सवय असलेल्या वाचकाला संक्षेप हा अडथळा नसतो. संक्षेप कोणत्या दफ्तराचा आहे हे न कळणे हा अडथळा असतो.

लेखाचे परीक्षण

आता प्रत्यक्ष लेखाकडे वळू. बीटाफ्लाइटमध्ये 'डम्प' ही आज्ञा दिली असता शेकडो ओळींची संपूर्ण यादी मिळते. 'डिफ' ही आज्ञा दिली असता केवळ त्याच ओळी मिळतात, ज्यांतील मूल्य प्रणालीच्या मूळ ठरीव मूल्याहून वेगळे आहे. व्यवहारात लोक दुसरीच वापरतात, कारण ती आटोपशीर असते. तिच्या माथ्यावर प्रणालीचे नाव, पट्टिकेचा प्रकार, आवृत्ती आणि ती घडविल्याची तारीख असते. हा त्या लेखाचा मायना होय, आणि घाईत नक्कल करणारे नेमका तोच गाळतात.

मायना गाळल्याने काय होते? समजा, 'डिफ'मध्ये 'पी_रोल' ही ओळच नाही. याचा अर्थ पी ठरीव मूल्यावर आहे. पण ठरीव मूल्य कोणते? २०२० च्या ४.२ आवृत्तीत ते ४२ होते. २०२२ च्या ४.३ आवृत्तीत ते ४५ झाले. क्लीनफ्लाइटच्या काळात ते ४० होते आणि मल्टिवीच्या पडद्यावर तेच ४.० असे दिसे. मौनाला अर्थ आहे, परंतु तो कालसापेक्ष आहे. मौनावरून अनुमान काढताना काळ निश्चित करावा, हा आपल्याकडील प्राथमिक दंडक येथे शब्दशः लागू पडतो. सन ११७० असे लिहिलेला कागद शुहूर धरला तर इसवी सन १७६९-७० चा आणि फसली धरला तर १७६०-६१ चा ठरतो. म्हणजे पानिपतच्या वर्षाचा की त्यानंतरचा हे एका न लिहिलेल्या शब्दावर अवलंबून राहते. आवृत्ती न लिहिलेली 'डिफ' याच जातीची आहे.

दोन प्रणालींची तुलना करू गेल्यास घोटाळा आणखी वाढतो. आडव्या फिरण्याच्या गतीचा पी बीटाफ्लाइटमध्ये ४५, आर्डुपायलटमध्ये ०.१३५ आणि पीएक्स-४ मध्ये ०.१५ या ठरीव मूल्यावर असतो. हे तीनही आकडे एकच काम करतात. तरी ४५ मोठा आणि ०.१३५ लहान असे म्हणता येत नाही. शेर आणि तोळा यांतील आकड्यांची तुलना करण्यासारखेच ते आहे.

अंतर्गत परीक्षणाची उदाहरणे याहून बोधप्रद आहेत. 'डी_रोल = ४०' ही ओळ घेऊ. ४.० च्या पूर्वीच्या आवृत्त्यांत ही ओळ जे सांगते तेच खरे असे : डी चाळीस आहे. २०१९ च्या ४.० आवृत्तीत 'डी_मिन' नावाची सोय आली. त्या आवृत्तीत, ही सोय चालू असता, शांत उड्डाणात 'डी_मिन_रोल'मधील मूल्य लागू असते, उदाहरणार्थ ३०. यान झपाट्याने हलले की डी चढत जातो, आणि 'डी_रोल' ही त्या चढण्याची मर्यादा ठरते. शब्द तोच राहिला, अर्थ मूल्यावरून मर्यादेवर सरकला. 'देशमुख' वा 'पाटील' या शब्दांचा अर्थ शतकाशतकांत कसा सरकला हे शिकविणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. परंतु जुन्या सल्ल्याच्या आधारे नवी यादी वाचणारा येथे हमखास फसतो.

दुसरे उदाहरण 'मोटर_पोल्स' या ओळीचे. मोटरींच्या गतीवरून कंपनांची वारंवारिता काढून ती गाळून टाकणारी सोयही ४.० आवृत्तीतच आली. तिला मोटरीतील चुंबकांची संख्या ठाऊक असावी लागते. ठरीव संख्या १४ आहे. लहान मोटरींत मात्र अनेकदा १२ चुंबके असतात. समजा, मोटर मिनिटाला २०,००० फेरे घेत आहे. खरी वारंवारिता सेकंदाला सुमारे ३३३ येते. चुंबके १२ असून यादीत १४ राहिले, तर प्रणाली ती २८६ समजते. मग गाळणी भलत्याच ठिकाणी लागते, खरी कंपने तशीच आत येतात, डी पद त्यांना प्रतिसाद देऊ लागते आणि मोटरी तापतात. यादी वाचून ही चूक सापडणार नाही, कारण १४ हा आकडा यादीच्या दृष्टीने अगदी निर्दोष आहे. ती सापडते मोटर हातात घेऊन, तिच्या घंटेच्या आतील चुंबके बोटाने मोजल्यावर. लेखाबाहेरचा पुरावा नसेल तर लेख कितीही बारकाईने वाचला तरी पुरत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण प्रस्तुत लेखकास अन्यत्र मिळाले नाही.

नवा वाचक

यंत्राने स्वतः जुळवणी करण्याचा प्रयत्न एजंटच्या आधीही झाला आहे. आर्डुपायलटमध्ये २०१३ च्या सुमारास ऑटोट्यून ही सोय आली. तीत यान हवेत असताना स्वतःला लहान लहान झटके देते, प्रतिसाद मोजते आणि आकडे ठरविते. ही परंपरा झीग्लर-निकल्सची आहे : यंत्राला विचारा, तेच उत्तर देईल. भाषेच्या प्रारूपावर चालणारा एजंट वेगळ्या कुळातला आहे. तो यानाला झटका देत नाही; तो यादी वाचतो. अक्षरशः वाचक असलेले हे या इतिहासातील पहिलेच यंत्र होय.

त्याची रचना सामान्यतः अशी असते. पट्टिका तारेने संगणकाला जोडलेली असते. मधले उपकरण ११२ सारखी विनंती करून किंवा 'डिफ' मागून मजकूर मिळविते आणि तो एजंटपुढे ठेवते. अशा उपकरणांनी एजंटशी कोणत्या ठरावीक पद्धतीने बोलावे यासाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा खुला संकेत प्रसिद्ध केला. तेव्हापासून अशी मधली उपकरणे लिहिणे पुष्कळ सोपे झाले.

या वाचकाचे गुण मान्य केले पाहिजेत. शेकडो ओळींत तो कंटाळत नाही. सोळा अक्षरांचे संक्षेप उलगडून सांगतो. दोन महिन्यांच्या अंतराने काढलेल्या दोन याद्यांतील फरक क्षणात समोर ठेवतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला 'आय वाढविल्यास काय होईल' हे त्याच्या भाषेत समजावून सांगण्याचे कामही तो चांगले करतो. या गोष्टी क्षुल्लक नाहीत.

परंतु त्याचे शिक्षण अनेक वर्षांच्या मजकुरावर झालेले असते. त्यात क्लीनफ्लाइटच्या काळचा सल्ला आणि कालपरवाच्या आवृत्तीचा सल्ला एकत्र मिसळलेला असतो, आणि दोहोंची भाषा बहुधा सारखीच ठाम असते. कालविपर्यास हा इतिहासकाराचा सर्वांत निंद्य दोष. या वाचकाला तो जन्मतःच जडलेला असतो. मायना त्याच्यापुढे ठेवला आणि तो वाचावयास भाग पाडले तर दोष बराच आटोक्यात येतो. म्हणून उपकरण लिहिणाऱ्याने आवृत्ती न देता आकडे देऊच नयेत, हा आग्रह अवाजवी म्हणता येणार नाही.

कारणांचा प्रश्न याहून गंभीर आहे. पट्टिकेतील स्मृती जुना आकडा जपत नाही. नवा कोरला की जुना जातो. कोणी, कधी, कशासाठी बदलला याची नोंद आत नसते. एजंटला 'पी ४५ वरून ५२ का केला असेल' असे विचारले तर तो उत्तर देतो. ते उत्तर सुसंगत असते, तांत्रिक दृष्ट्या शक्यही असते. पण ते साक्षीचे मूल्य असलेले विधान नसते. ते अनुमान असते. खरे कारण कदाचित एवढेच असेल की, एका दुपारी वारा होता आणि पंखे नवे होते. बखरीतील संवाद वाचून प्रसंगी कोण काय बोलले हे ठरविण्याची चूक आपण विद्यार्थ्यांना करू देत नाही. येथेही तसे करू देता कामा नये.

यावर इलाज या परंपरेतच आहे. निकोलस शेरलॉक याने २०१४ मध्ये ब्लॅकबॉक्स ही नोंदपद्धती तयार केली. प्रत्येक उड्डाणात जायरोस्कोपची मोजमापे, वैमानिकाची आज्ञा आणि मोटरींना दिलेला वेग हे सर्व ती क्षणोक्षणी टिपते. त्या नोंदीच्या माथ्यावर त्या वेळची आवृत्ती आणि पी, आय, डी यांची मूल्येही लिहिली जातात. म्हणजे हे समकालीन साधन झाले : आकडा आणि त्या आकड्याने घडविलेले वर्तन एकाच कागदावर. केवळ यादी वाचणारा एजंट आणि यादी या नोंदीशी ताडून पाहणारा एजंट यांत, बखर वाचणारा आणि पत्रव्यवहार वाचणारा यांच्याइतके अंतर मानावे लागेल. पहिल्याने सुचविलेला बदल हा तर्क आहे. दुसऱ्याचा बदल निदान तपासता तरी येतो.

लिहिण्याचा अधिकार

वाचणारा वाचता वाचता लिहूही शकतो, हे येथे विसरून चालत नाही. ११२ आणि २०२ या दोन्ही विनंत्या एकाच तारेतून जातात. तार भेद करीत नाही; भेद करतो तो मधले उपकरण लिहिणारा. शिवाय आज्ञा लिहून बोलण्याच्या पद्धतीत केवळ वाचनही अगदी निरुपद्रवी नसते. त्या अवस्थेत शिरल्यावर पट्टिका उड्डाणास नकार देते आणि बाहेर पडताना पुन्हा नव्याने सुरू होते. त्याच पद्धतीत मोटर फिरविण्याचीही आज्ञा आहे. पंखे न काढता टेबलावर ठेवलेल्या यानाला ती दिली गेली तर बोटे कापली जाण्याचा धोका खरा आहे. म्हणून ज्या उपकरणाला वाचनापुरतेच ठेवावयाचे आहे त्यात लेखनाच्या आज्ञा घालूच नयेत. एजंटला 'लिहू नकोस' असे सांगणे आणि त्याच्या हाती लेखणीच न देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

न्यू मेक्सिको नौकेवरील खलाशांचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो, परंतु थोडा बदलून. त्या वेळी यंत्राने हाताची जागा घेतली. जाब विचारावयास सुकाणूवर कोणीतरी उभे होतेच. आज बदल सुचविणारा एजंट, तो मान्य करणारा विद्यार्थी, उपकरण लिहिणारा अनोळखी कार्यकर्ता आणि प्रयोगशाळेची किल्ली सांभाळणारा अध्यापक अशा चौघांत जाब वाटला जातो. बदलापूर्वीची 'डिफ' मायन्यासह जपून ठेवणे, बदल कोणी सुचविला आणि कोणी मान्य केला हे हाताने लिहिणे, उड्डाणानंतरची ब्लॅकबॉक्स नोंद त्याला जोडणे, एवढे केले तरी निदान प्रश्न कोणाला विचारावा हे कळेल. हे काम प्रयोगशाळेचे आहे, पण त्याची रीत दफ्तरखान्याची आहे. आणि आपल्या महाविद्यालयांत ती शिकविणारा विभाग इतिहासाचाच आहे.

मिनॉर्स्कीने आपल्या चाचण्यांचा वृत्तान्त १९३० मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यामुळे १९२३ मधील जहाज किती अंशांनी डोलत होते हे आज सांगता येते. ड्रोनच्या पट्टिकेवरील नोंदीची चिप बहुधा १६ मेगाबाइटची असते. ती काही मिनिटांच्या उड्डाणात भरते, आणि पुढच्या उड्डाणाची नोंद घ्यावयाची तर आधीची पुसावी लागते.